बाराची सावली

१६ जानेवारी १९९१, बुधवार

संपलं एकदाचं प्रशिक्षण. पनवेलच्या त्या हॉलमध्ये बाकावर बसून पाठीचा काटा ढिला झाला. कळलं ते एवढंच – प्राथमिक शाळेत विज्ञान आणि गणित यापुढे वेगळं शिकवायचं नाही, जोडून शिकवायचं. एकात्मिक! सकाळी विज्ञानवाले बोलले, दुपारी गणितवाले. दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या सत्राला बसलं नाही. चहा मात्र एकत्र घेतला.

निघताना विस्तार अधिकाऱ्यांनी हाक मारली. माझा बदलीचा अर्ज त्यांच्याकडे पडून आहे. म्हणाले, पुढच्या महिन्यात तुमच्या शाळेत असा एक आदर्श पाठ दाखवा, नीट झाला तर अर्जाचं बघू. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? माझी लेक रेवा दिवसभर शेजारच्या अरुंधतीकाकूंकडे असते. परवा अंगणात पडली तर रडत काकूंकडे धावली – मी समोर उभी असताना! पनवेलातली शाळा मिळाली तर दुपारी घरी येता येईल. मला ती बदली हवी आहे, बस्स.

१८ जानेवारी

आज पुन्हा गव्हाणची एसटी, पुन्हा आमची शाळा.

शाळेत सरकारने दिलेल्या दोन पेट्या आहेत, एक गणिताची, एक विज्ञानाची. आल्या त्या दिवसापासून कपाटात. काही फुटलं तर भरून कोण देणार, म्हणून हेडमास्तर दयाराम गुरुजी कुणाला हात लावू देत नाहीत. गणिताची किल्ली त्यांच्याकडे. विज्ञानाची सुनीताबाईंकडे, आणि सुनीताबाई बाळंतपणाच्या रजेवर माहेरी! विषय जोडा म्हणतात. आधी किल्ल्या जोडा की.

शेवटी मीटरपट्टी तेवढी मिळाली. तीही सही करून.

२१ जानेवारी

प्रशिक्षणात दिलेल्या हस्तपुस्तिकेतला 'सावली' हा पाठ घेतला. मैदानात बांबू रोवायचा, अर्ध्या-अर्ध्या तासाने त्याची सावली मोजायची, आलेख काढायचा. सूर्य म्हणजे विज्ञान, आलेख म्हणजे गणित – झालं एकात्मिक! निष्कर्ष खाली छापूनच दिलाय: दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान. म्हणजे मोजायची गरजही नाही.

चौथीची पोरं वर्गाबाहेर पडायला मिळालं म्हणून खूश. भामा – मिठागरावरच्या हौसाची मुलगी – तिने पट्टी दिवसभर कुणाला दिली नाही.

२३ जानेवारी

घोळ! पोरांची साडेबाराची सावली बाराच्या सावलीपेक्षा लहान आली. पट्टी तिरकी धरलीत म्हणून मी खूप ओरडले. भामा ढिम्म. "लहानच हाय बाई. परत परत मोजली." मग मीच गेले उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. लहानच! पाऊणला आणखी लहान. एक वाजून गेल्यावर कुठे वाढायला लागली. माझा डबा तसाच राहिला. चरफडत घरी आले.

२५ जानेवारी

सापडलं!! आमटीला फोडणी देता देता सापडलं. आपलं घड्याळ चालतं अलाहाबादच्या बाजूच्या वेळेवर. भारताची प्रमाणवेळ – किती वर्षं हे वाक्य घोकून घेतेय मी! सूर्य आधी त्यांच्या डोक्यावर येणार, मग आमच्या. उशीर होणारच. पुस्तिका लिहिणाऱ्याने बांबू रोवलाच नसणार.

पोरांना समजावलं. एक चेंडू, एक कंदील, झालं. भामाने विचारलं, "म्हंजे आमी बरोबर होतो?" हो म्हटलं. डब्याची सुट्टी झाली तरी कुणी उठेना. इतकी वर्षं शिकवतेय, असा वर्ग माझा कधी झाला नव्हता. फार, फार बरं वाटलं आज.

३० जानेवारी

गुरुजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पुस्तिकेत बारा आहे तर बाराच, म्हणाले, सूर्याचं तुम्ही मनावर घेऊ नका. ह्यांना रात्री सांगितलं तर हेही तेच म्हणाले – आधी बदली होऊ दे, मग सूर्य जाऊ दे कुठे जायचा तो.

मलाही पटलं.

१ फेब्रुवारी

तालीम. आदर्श पाठाची रीत ठरलेली आहे. प्रश्न पाठ, उत्तर पाठ, कुणी उठायचं तेही पाठ. विस्तार अधिकारी साहेबांनी सावलीचं विचारलं की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, बारा वाजता. का म्हणून कुणी विचारलं नाही. चार वर्षं काढलीत शाळेत, त्यांना सगळं कळतं. नुसती बघत होती माझ्याकडे.

पोरांनी मोजून काढलेला भिंतीवरचा आलेख तेवढा बदलायचा राहिला. राहिला की ठेवला, मलाही सांगता येणार नाही.

६ फेब्रुवारी

झाला पाठ. देवा!

साहेब आले. शहाळं झालं, स्वागतगीत झालं. पोरांनी "बारा वाजता" असं काही ठणकावून म्हटलं की साहेब खुर्चीतून उठलेच. फारच खूश. थेट आलेखाजवळ गेले आणि नेमकं भामाला पुढे बोलावलं. सर्वांत लहान सावली कुठली ते यात दाखव म्हणाले. ती आलेखाकडे बघेना. माझ्याकडे बघत राहिली.

"बाई, कुठलं सांगू? मोजलेलं का पाठ केलेलं?"

गुरुजींनी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे रेवा आली, अगदी खरंच आली. आणि तोंडातून निघून गेलं – "मोजलेलं."

भामाने बोट ठेवलं, पाऊण आणि एकच्या मधोमध. साहेबांनी पुस्तिका उघडून पाहिली. मी घाईघाईने अलाहाबाद सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, अलाहाबाद भूगोलात येतं. आजचा पाठ विज्ञान आणि गणिताचा आहे."

शेरेबुकात लिहून गेले: निष्कर्ष पुस्तिकेप्रमाणे नाही. शिक्षिका उपक्रमास अनुकूल नाहीत.

७ फेब्रुवारी

गेली बदली. काल रडले, आज सकाळीही रडले. भामाचा राग आला. दुपारी तिने येऊन विचारलं, आज मोजायची का सावली? नाही म्हणवेना. गेलो बाहेर.

११ फेब्रुवारी

जनगणनेचं काम लागलं. दारोदार जाऊन माणसं मोजायची. इथे मोजलेलंच लिहा, अशी सक्त ताकीद आहे!

४ मार्च, सोमवार

ऑर्डर आली. आमची शाळा एकात्मिक उपक्रमासाठी निवडली आहे. सदर शिक्षिका उपक्रमास अनुकूल नसल्याने त्यांची पनवेल शहरात बदली करण्यात येत आहे. शिक्षा म्हणून पनवेल! मी हसतच सुटले. गुरुजी म्हणाले, पाठ नीट झाला असता तर आदर्श शिक्षिका म्हणून तुम्हाला इथून हलूच दिलं नसतं.

मग खालची ओळ वाचली. माझ्या जागी कुणी येणार नाही. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, गुरुजींकडे बसणार.

भामाला अजून सांगितलेलं नाही.