नं. म्हणजे नंतर

३ नोव्हें., सोम. दिवस ९ वा.
४:४५ उठलो. घड्याळाचा फोटो ग्रुपवर ४:४६ ला. व्यायाम २० मि. वाचन ३० मि., मोटारीचे पुस्तक, पान ११२ ते ११९. संकल्प २१ दिवसांचा. दोन खाडे झाले की ग्रुपचे सर नाव काढून टाकतात. काल एक इंजिनिअर गेला. मी दहावी नापास, रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणे, पुस्तके वाचून शिकलो. मी जाणार नाही.
चहा ठेवताना पुष्पा म्हणाली, "अवो, उजव्या डोयात इजा चमकल्यावानी होते." वाचनाची ११ मि. बाकी होती. नं.

५ नोव्हें., बुध. दि. ११.
पाच एचपीची मोटार आली, २४ खाचा. टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजताना कोणी बोलले की मी डाव्या हाताचे बोट वर करतो: थांब. मोजणी चुकली तर अख्खी कॉइल उकलावी लागते; लग्नाच्या बावीस वर्षांत पुष्पाला हे पाठ आहे. आता सकाळच्या वाचनातही बोट वर करतो. आज ती दारापर्यंत आली, बोट पाहून परत गेली. घराला शिस्त लागते आहे.
चहावाला भास्कर: "पावणेपाचले उठून कोनती गाडी पकडता हो मिस्त्री? रोज तं नांदुऱ्यातच दिसता!" सगळे हसले.

८ नोव्हें., शनि. दि. १४.
पुष्पाने चहा कपाबाहेर ओतला. म्हटले, लक्ष कुठे आहे? "खालून कायंकुट्ट दिसते, पडदा चढल्यावानी. अकोल्याले दाखवाले नेता काय सोमवारी?" तिथे सकाळीच नंबर लागतो, म्हणजे पाचची गाडी. म्हणजे व्यायाम, वाचन दोन्ही बुडाले. म्हटले, १५ ला संपते, मग जाऊ.
"हाव."
नं.

११ नोव्हें., मंगळ. दि. १७.
४:४५. सर्व पूर्ण. पुष्पा तांदूळ निवडताना ताट डावीकडे धरून बसली होती. विचारायचे होते. नं.

१५ नोव्हें., शनि. दि. २१.
पूर्ण. एकही खाडा नाही. प्रमाणपत्र फोनवर आले. आडनावातली वेलांटी चुकवली आहे. पुष्पाला दाखवले. तिने फोन नाकाशी नेला, मग मान वळवून डाव्या डोळ्याने वाचला.
"चांगलं झालं. उजव्यानं आता काहीच दिसत नाही."
म्हटले, काऊन सांगितलं नाही वं तू?
ती माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिली.

१७ नोव्हें., सोम. अकोला.
पाचच्या गाडीने आलो. डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे. डॉक्टर: "कधीपासून?" पुष्पा: "तीन तारखेपासून." मला तारीख आठवेना. मला!
"आठ दिवस आधी यायचं होतं. तुम्हाला बोलल्या नव्हत्या का?"
पुष्पाच मध्ये म्हणाली, "त्याइले कामं राह्यतात."
ऑपरेशन उद्या. ही वही पिशवीत होती. बाकावर बसून मागची पाने पाहिली. नं. तीन ठिकाणी. बोट वर केले ते वेगळे, आणि न लिहिलेले किती, ते

१९ नोव्हें., बुध.
काल ऑपरेशन झाले. दहा दिवस पालथेच निजायचे आहे. नजर किती येईल, येईल की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.
४:४५ ला गजर झाला. बंद करायचा राहिला होता. सरांचा मेसेज: नवीन तुकडी सोमवारपासून, जुन्यांनी पुढे यावे.
पुष्पा जागी होती. तिचे तोंड खाली, म्हणून खाटेशेजारी फरशीवर बसलो.
म्हटले, पुष्पा, बोल काही.
"काय बोलू?"
काहीही बोल. ऐकून राह्यलो मी.
किती वाजले ते पाहिले नाही. मग उशीतूनच म्हणाली,
"नंतर सांगीन."
झोप आली असेल. किंवा