मेणाखालचं कपाळ

२० जाने. १९५७, रविवार. मुलुंड

हळदीकुंकू झालं. घाटकोपरच्या कुंकूवाल्या मोघ्यांकडच्या डब्या वाण म्हणून लुटल्या. वाणाला कोणी नाही म्हणत नाही. डबी हातात पडल्यावर मग मी विक्रीचा विषय काढला. एकीने तिघींना धरायचं, त्या तिघींनी आणखी तिघींना, खालच्यांच्या विक्रीतला वाटा वरचीला. मोघ्यांनी बजावलंय, ‘आधी जवळच्या बायका धरा, त्या मोडत नाहीत.’ शेजारच्या खोलीतली शांता लगेच तयार झाली. तिचा नवरा भिकू मिलमधून सुटल्यापासून कुर्ल्याच्या कारखान्यात जातो, पगार घरी येता येता दारूत मुरतो. ती म्हणाली, “वैनी, तुमी लावतात मां? मग माका चलात.” मी म्हटलं, महिनाभर हेच लावतेय. खरंच लावतेय.

२४ जाने., गुरुवार

शांता माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिघी धरल्यासुद्धा! मात्र कपाळ खाजतंय म्हणत होती. “पुसू काय?” मी म्हटलं, “अगं, नवीन आहे, सवय होईल. तूच पुसलंस तर तुझ्या खालच्या काय करतील?” हे वाक्यही मोघ्यांचंच.

२७ जाने., रविवार



सकाळी शांताच्या कपाळावर फोड, मधोमध साल निघालेली, लस वाहत होती. तिने कुंकू धुऊन खोबरेल लावलं. दुपारी भिकू पिऊन आला. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. “मी मेलंय काय गो? उघड्या कपाळान फिरतंस?” मग भांडी, मग तिचं डोकं भिंतीवर. आमच्या बाजूचा आरसा खिळ्यावरून पडला. मी दार बडवलं. त्याने कडी काढली नाही. तिचं ओरडणं थांबलं तेव्हा जास्त भीती वाटली.

हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, “असल्या लोकांत हे चालायचंच. आपल्यात नाही असं.”

२८ जाने., सोमवार

घाटकोपरला गेले. मोघे हसून बसा म्हणाले. नाजूक कातडी असते एखादीची, चार दिवसांत जाईल, तुमची फळी चांगली बांधली गेलीय, आता कच खाऊ नका... माझ्या अंगाची लाही झाली. समोर उघडा डबा होता. ओंजळ भरून त्याच्या तोंडावर फेकली, दुसरी डोळ्यांत चोळली. धोतर, गादी, भिंत सगळं लालभडक. “लावा! तुमची कातडी बघू!” तो ओरडत नळाकडे धावला. त्याच्या माणसाने मला जिन्यावरून ढकललं. गुडघा सोलवटला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

परत आले तर दारात डब्या आपटून फोडलेल्या. शांताखालच्या तिघी येऊन गेल्या. एकीचा डोळा सुजलाय म्हणे, फोडाने की नवऱ्याने, ते कळलं नाही.

३० जाने., बुधवार

संध्याकाळी शांता पळत आत आली, तोंडातून रक्त. मागोमाग भिकू, हातात पट्टा, बकलाचं टोक पुढे. “बाजूक हो, भटणी!” मी पाट्यावर चटणी वाटत होते. वरवंटा उचलला आणि घातला. कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, सुकं फाटं मोडावं तसा. तो खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

दवाखान्यात त्याने पडलो म्हणून सांगितलं. बाईने मारलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? शांता आमच्याकडेच राहिली आहे. ह्यांना पसंत नाही. “दुसऱ्याच्या संसारात पडू नये,” एवढं बोलले आणि जेवले.

१ फेब्रु., शुक्रवार

वरवंटा धुतला तरी मिरचीचा वास जात नाही.

शांताने आज विचारलंच. “वैनी, तुमका कशा काय झाला नाय?” मी न्हाताना कपाळ पुसलं आणि बोटाला मेण लागलं. आईची सवय. आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. महिनाभर ते कुंकू माझ्या कातडीला लागलंच नव्हतं! आणि मी छातीठोक सांगत सुटले, मी लावतेय, मी लावतेय.

मेण खरवडून काढलं आणि मोघ्यांचं कुंकू कोरडंच चोळलं. शांता हात धरत होती, मी झिडकारला.

४ फेब्रु., सोमवार

आग, आग. रात्रंदिवस ठणका. आरसा बघवत नाही. कपाळ उघडं. शांता शेजारी बसून ताक लावते. दोघी सारख्याच दिसतो म्हणून हसलो, तर कातडी तडकली.

ह्यांनी दोन दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं. आज फक्त “बुधवारी साहेबांकडे जायचंय, लक्षात आहे ना?”

६ फेब्रु., बुधवार. रथसप्तमी

हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. साहेबांच्या बायकोचं बोलावणं. मी म्हटलं, मी येत नाही, असं कपाळ घेऊन कुठे येऊ? हे कोट घालत होते. आवाज चढला नाही. “मेण लाव, वर कुंकू लाव, चल.” कातडीच नाही, मेण कशावर लावू? तेव्हा दार लोटून घेतलं; शांता खाली नळावर गेली होती.

“उघड्या कपाळाने बसली आहेस. मी मेलोय का?”

शब्द तेच. शुद्ध भाषेत.

डाव्या हाताने माझे केस मागे धरले, डोकं भिंतीला टेकवलं आणि कुंकवात बुडवलेला अंगठा जखमेवर दाबला. नीट गोल यावा म्हणून फिरवला. लग्नाला अकरा वर्षं झाली, ह्या माणसाने माझ्यावर हात उगारला नव्हता. मी ओरडले. चाळीत कोणीही दार बडवलं नाही.

मग हात धुऊन एकटेच गेले. “तुला ताप आहे म्हणून सांगतो. साडेसातपर्यंत येईन. ती बाई तोवर घरात दिसता कामा नये.”

शांताने परत आल्यावर कपाळ धुऊन दिलं. पाणी लाल, त्यातलं कुंकू किती नि रक्त किती, कळत नव्हतं. तिला सांगितलं, हे जा म्हणतात. ती म्हणाली, “मी हयच आसंय, वैनी.” स्वयंपाकघरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. आता दाराशी बसली आहे, तो मांडीवर घेऊन.

सात वाजून गेले. ठेव म्हणून मी तिला अजून सांगितलेलं नाही.