समोरची रिकामी जागा

२ सप्टेंबर

गेले एकदाची दांडियाच्या वर्गाला! भावजींनी ताईच्या टिपऱ्या हातात कोंबल्या आणि जवळजवळ घराबाहेरच काढलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या करायच्या आणि संध्याकाळी ताईच्या उशाशी बसायचं, अशानं तूच आजारी पडशील म्हणाले. ताई पलंगावरून बघत होती. उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. डोळे तेवढे सगळीकडे फिरतात. इतकी वर्षं माझ्या मागे लागायची — चल एकदा, चल एकदा. मी हसण्यावारी न्यायचे. आता ती पडून, आणि मी चालले नाचायला. लाज वाटली.

वर्ग शाळेच्या व्यायामशाळेत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे बेन म्हणतात. साठीच्या, काटक, पायात पांढरे कापडी बूट. समोरासमोर दोन रांगा. समोरच्याशी टिपऱ्या वाजवायच्या, गिरकी घ्यायची, एक जागा पुढे सरकायचं, की समोर नवा माणूस. बघायला सोपं. माझी त्रेधा उडाली. एका काकांच्या बोटावरच हाणली. ते म्हणाले, 'असू दे, बाकीची नऊ आहेत.'

माणसांची संख्या विषम असली की कुणाच्या तरी समोर जागा रिकामी राहते. बेनचा नियम असा, की ती समोर आली की टिपऱ्या खाली करून गप्प उभं राहायचं. हवेत वाजवायची नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे नाही वाजवत. एवढंच.

५ सप्टेंबर

आज चुकले. पहिल्यांदाच पाय माझं ऐकत होते, त्या भरात रिकामी जागा कधी समोर आली कळलंच नाही. वाजवली.

टक्.

लाकडावर लाकूड. मनगटापर्यंत झिणझिण्या! समोर कुणी नाही. भिंत, तीही चांगली लांब. बाकी कुणाला ऐकू गेलं नसावं, गाणं मोठ्यानं चालू होतं. बेननी मात्र ते तिथेच बंद केलं, आज पुरे म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मनाचे खेळ असतील. झोप कमी होतेय.

६ सप्टेंबर

ताईची करंगळी हलली! उजवी! मी तिचा हात पुसत होते आणि ती हलली. भावजी लहान मुलासारखे रडले. मीही. शेवटी दोघांनी मिळून तिच्यासाठी केलेला शिरा आपणच संपवला.

८ सप्टेंबर

मेणात दात बसवताना सुरी दोनदा निसटली. उजवी करंगळी बधिर झालीय. चिमटा काढला तरी कळत नाही. दाताच्या डॉक्टरांना कवळी दिली तर म्हणाले, एक दात तिरका आहे, तुमच्या हातून असं होत नाही कधी.

१२ सप्टेंबर

आज मुद्दाम वाजवली. लिहायलाही भीती वाटतेय. खरं की खोटं ते एकदा बघायचं होतं. टक् आलंच. आणि या वेळी समोरून जोर जास्त होता. ताई वाजवते तसा — भावजी नेहमी म्हणायचे, हिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे लाकडं फोडायला जायचं.

घरी आले तर ताई पेला धरून बसलेली. उजव्या हातात. माझ्याकडे बघून जिभेला वळवत वळवत म्हणाली, 'वाजवलीस?'

उन्हाळ्यानंतरचा तिचा पहिला शब्द. भावजी आनंदानं शेजारी सांगायला धावले. हे विचारलं कसं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. 

१३ सप्टेंबर

बेनच्या घरी गेले. आधी चहा, मग इकडचं तिकडचं. मी माझा हात पुढे केला, ताईचंही सांगितलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. त्या रिकाम्या जागी कोण असतं ते त्यांना माहीत नाही. पण वाजवली की आपलं काहीतरी तिकडे जातं, इतकं माहीत आहे. मी विचारलं, परत मिळतं?

'तुझ्या ताईनं तुझ्याशी वाजवली तर,' बेन म्हणाल्या. 'तिची मर्जी.'

मग ठीक आहे. ताईच ती. आई गेल्यावर माझ्या वेण्या घातल्या, स्वतःचं लग्न लांबवलं माझ्या शिक्षणासाठी. ती माझं काही ठेवून घेईल होय?

१९ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. परत वाजवली, उजवा खांद्यापासून गेला. डॉक्टरांनी काम काढून घेतलं. म्हणजे तसं सांगितलं नाही, माझ्या टेबलाशी दुसरीच मुलगी बसलेली दिसली. हाक मारली तर तिनं वर पाहिलं नाही.

ताई भाजी निवडते आता. गुणगुणते. तिला बघितलं की खरंच बरं वाटतं, आणि खरंच भीतीही वाटते.

२४ सप्टेंबर

ताईला म्हटलं, आता पुरे, मला थांबू दे. हात राहिला नाही, पाय तरी राहू दे. ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली,

'माझा पाय राहिलाय अजून.'

माझ्या वेण्या घालताना बोलायची त्याच आवाजात. मी संध्याकाळी गेले. वाजवली.

२९ सप्टेंबर

भावजींनी जेवायला दोनच ताटं घेतली. विसरले असतील. मी तिथेच बसले होते.

३ ऑक्टोबर

उद्या उत्सवाचा नाच. ताईनं तिच्या टिपऱ्या मागून घेतल्या. येणार आहे, स्वतःच्या पायांनी! रांगेत कधी ना कधी समोर येईलच माझ्या. येईल आणि वाजवेल, की झालं. मी बेनच्या टोपलीतली एक टिपरी घेईन, डाव्या हातात. पाय ओढत का होईना, उभी राहीन.

४ ऑक्टोबर

आज माझ्यासमोर जो आला त्यानं टिपऱ्या खाली केल्या. काकांनीही. मग ताई आली. तिला मी दिसत होते. ती हसली, नेहमीसारखी. आणि टिपऱ्या खाली केल्या.