पट्टेवाले मासे आणि तुमचा आवाज

बाबा, तुमचा आवाज मला आठवत नाही. परवा माझ्या मुलीनं सहज विचारलं, "आई, नानाजी बोलायचे कसे गं?" नक्कल करायला मी तोंड उघडलं आणि काही निघेचना. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. लिहायला बसते, उठते, प्रयोगशाळेत एक चक्कर मारते, परत येऊन बसते. चिडायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्यावरच चिडते आहे.

तुमचे हात मात्र लख्ख आठवतात. मिलच्या लूम खात्यात मागांचा एवढा खडखडाट असायचा की तुम्ही सगळे खुणांनीच बोलायचात. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, चहाला चल, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. मग मिल बंद पडली, फाटकाला कुलूप लागलं, आणि तुम्ही छत्रीबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर बसून तीच खूण करता आहात, अंगठा ओठांकडे, म्हणजे चहा. आई वैतागते. "अहो, तोंडानं बोला ना! इथे कुठला लूम चालू आहे? दिवसभर तुमचे इशारेच समजत बसू का मी?" तुम्ही हसता. "आदत आहे, जाईल धीरे-धीरे." ती काही गेली नाही.

त्या दिवसांत शहरात रोज नवं शोरूम उघडत होतं आणि प्रत्येकाला दर्शनी भागात माशांची काचेची टाकी हवी होती. स्नेहलतागंजमधल्या तसल्याच एका दुकानात तुम्ही टाक्या धुवायला लागलात. एका संध्याकाळी पाण्यानं फुगलेली पिशवी माझ्या हातात दिलीत. आत बोटाएवढेही नसलेले, निळ्या पट्ट्यांचे मासे. ते घरी काचेच्या बरणीत सोडले. खाणं टाकायच्या आधी तुम्ही काचेसमोर हात हलवायचात, आणि थोड्याच दिवसांत नुसता हात दिसला तरी सगळे वर यायला लागले. तुम्ही मला ओढत नेलंत. "देख बेटा, जॉबर आला समजून सगळे हाजिर!" मिल बंद झाल्यापासून तुम्ही इतके खूश मला दिसला नव्हतात.

आज मी त्याच माशांवर पगार घेते, बाबा. त्यांची पिल्लं पारदर्शक असतात, सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत मेंदू दिसतो. एक पेशी रसायन सोडते, शेजारची ते टिपते. पुन्हा पुन्हा तसं घडलं की दोघींमधला निरोप पक्का होतो. दिवा लागला की हलकासा झटका बसतो, हे पिल्लू शिकतं, आणि पुढे नुसत्या दिव्यानंही पळतं. त्या वेळी पेशी हिरव्या चमकतात, तशी सोय आम्ही करून ठेवलेली असते. निरोप टिपायची जागा औषधानं बंद केली तर पिल्लू पोहतं, दिवा बघतं, पण शिकत नाही. भाषणांत मी हे ऐटीत सांगते. कुणीतरी हमखास विचारतं, गेलेली आठवण परत येते का? मी सांगते, कधीकधी ती गेलेली नसते, तिच्यापर्यंत पोचता येत नाही. टाळ्या पडतात. घरी येऊन मी कान देऊन बसते आणि मला लूमसुद्धा ऐकू येत नाही.

काल आईला फोन करून विचारलं. "त्यांचा आवाज? मोठा होता," ती म्हणाली. "मिलवाल्यांचा असतो तसा. और क्या सांगू?" मग फोनवरच रडायला लागली. घरात टेपरेकॉर्डर होता, त्यात तिची भजनं आहेत, शेजारणीचं लग्न आहे, तुम्ही कुठेच नाही. टेप चालू असली की तुम्ही खुणांनी बोलायचात, आमचं रेकॉर्डिंग खराब होऊ नये म्हणून.

आता इथवर लिहिलेलं वाचून पाहिलं. तुमची वाक्यं मोठ्यानं म्हटली. शब्द तुमचेच आहेत, त्यात शंका नाही, पण ऐकू आला तो माझाच आवाज. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. मला भीती वाटते, बाबा. उद्या तुम्ही दाराबाहेरून हाक मारलीत, तर मी आतूनच विचारीन, "कोण आहे?"