सूर्यावरचे डाग आणि वरूडचे नत्थुजी

अमरावती, १४ फेब्रुवारी १९५८

आदरणीय मोतीराम भाऊजी यांस धाकट्या मेहुण्याचा, गोवर्धनचा, जयभीम.

बडनेऱ्याच्या रेल्वे टपालात दिवसभर उभ्यानं पत्रं छाटून तुमचा गुडघा कसा आहे? मनकर्णाताईचा खोकला गेला का? इकडे मी आनंदानं वेडा व्हायचाच राहिलो आहे, म्हणून अक्षर नाचून राहिलं, सांभाळून घ्या.

आमच्या शाळेची दुर्बीण म्हणजे चष्म्याची भिंगं बसवलेली पुठ्ठ्याची नळी. (हेडमास्तर तिला तोफ म्हणतात.) तिच्यातून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडतो अन् पोरं त्यावरचे डाग गिरवतात. वेधशाळेच्या साहेबांनी कळवलं होतं, या आठवड्यात सूर्यावरचा कोणता डाग भडकेल तो एकच निवडा, आजच्या शिक्क्याच्या कार्डानं कळवा. ज्याचं खरं ठरेल त्याला तीन इंची अस्सल भिंग. भाऊजी, त्या भिंगापायी मी आठ दिवस धड जेवलो नाही! शेवटी मधला डाग निवडला. मोठा, गोल, काळाभोर, पाटलासारखा ऐसपैस बसलेला. आज सकाळी दहा वाजता कार्ड टपालपेटीत टाकून मोकळा झालो.

अकराला वरूडचे संत्र्यांचे व्यापारी नत्थुजी आमच्या शाळेतल्या नातीला भेटायला आले. कागद पाहून न विचारताच बोलले, मास्तर, हा मोठा डाग जुना हाय, वाळला. हे काठचे बारीक ठिपके पाहा, एकमेकांत घुसून राहिले. हे आजच फुटते. (चाळीस वर्षं संत्री निवडलेल्या माणसाला सूर्याचं काय कौतुक!) मी हसलो. मास्तर माणूस, हसणारच.

बाराला त्याच ठिपक्यांत पांढरीशुभ्र ठिणगी चमकली! अन् त्याच घडीला समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवरचं गाणं कडव्याच्या मधेच गप्प. सूर्य भडकला की शॉर्टवेव्ह मुकी होते, हे मी दरसाल फळ्यावर शिकवतो. पण अगाई, खरंच होते हो! हॉटेलवाले सूर्यभानजी रेडिओला थापडा मारून थकले, मग रस्ता ओलांडून आले, मास्तर, तुमच्या तोफेनं काय केलं? मी त्यांना मिठीच मारली. त्यांना वाटलं, कबुली दिली.

तुमचा,
गोवर्धन

ता. क. खरं काम असं. माझं कार्ड आज संध्याकाळी तुमच्याच हाती येईल. निळी शाई, डावा कोपरा दुमडलेला. ते खिशात घाला अन् सोबतचं नवं, काठच्या ठिपक्यांचं, आजच्या शिक्क्यानं जाऊ द्या.

ता. क. दुसरा. हे पत्र नत्थुजीच आणून देतील, त्यांना बडनेऱ्याला गाडी धरायची आहे. आत काय लिहिलं, त्यांनी विचारलं. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. म्हणाले, "मास्तर, पेटीले खिळा ठोकल्यावर आतलं संत्रं बदलत नाई." लाज वाटली हो. वरचं काम रद्द, माझं चुकलेलं कार्ड जाऊ द्या. नवं फाडलं. त्याऐवजी नत्थुजींच्या नावाचं, त्यांच्या सहीचं कार्ड सोबत आहे, तेही आजच्या शिक्क्यानं जाऊ द्या. निवड त्यांची, भिंगही त्यांचं.

कार्डावर त्यांचा पत्ता तेवढा शाळेचा टाकला आहे.