उपासातली गोळी

बाबा, जामुलच्या पुढे एका खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात मी नर्स आहे. घरातली पहिली पदवी माझी, हे आधी लिहिते, कारण ते तुम्हाला कळायचं राहून गेलं. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळी परतते. काम आवडतं.

मी चौथीत होते. कामावरून येताना सेक्टर सहाच्या चौकात गाय आडवी आली आणि तुम्ही सायकलवरून डोक्यावर पडलात. टाके पडले, महिनाभरात तुम्ही ड्यूटीवरही गेलात. चार महिन्यांनी स्वयंपाकघरात चहा पिता पिता पहिला झटका आला. आजी तुमच्या नाकाला चप्पल लावते आहे, आई रडते आहे, मी दारात उभी आहे. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागल्यावर असे झटके उशिरानेही येतात, गोळी रोज घ्या. तुम्ही घेतलीत आणि झटके थांबले. मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचा उपास आणि डोंगरगडच्या देवीची पायी यात्रा तुम्ही कधी चुकवली नव्हती. आज गोळी नाही घेतली का, असं मी विचारलं, तर शर्टाची बटणं लावत म्हणालात, "उपासात औषध नाही घेत बेटा. नऊ दिवसांनं काय होते?" सातव्या दिवशी यात्रेच्या वाटेवर झटका आला, तो थांबलाच नाही. तुम्ही घरी परत आलाच नाहीत. कितीतरी वर्षं मला तुमचा राग होता. गोळी एकाएकी सोडली तर काय होतं, हे तुम्हाला कोणी समजावलंच नव्हतं, हे मला नर्सिंग शिकताना उमगलं. मग राग गेला.

यंदा नवरात्राच्या आदल्या दिवशी बांधकामावरचा एक राजमिस्त्री आला. उन्हाळ्यात परांचीवरून पडून डोक्याला मार लागलेला, नंतर दोनदा झटके, आता गोळीवर बरा. त्याने हळूच विचारलं, "दीदी, गोली खाए ले उपास टूट जाही का?" त्याची आई म्हणाली, टूटणारच, देवीच्या दिवसांत औषध कसलं. बायको पटकन म्हणाली, किलोभर रताळी खातो तेव्हा नाही मोडत, मग एवढ्याशा गोळीनेच मोडतो होय? सगळे हसले, तोही हसला. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, जागरण नाही, पायी यात्रा नाही. तो नुसती मान हलवत राहिला. ती मान हलवणं मी ओळखते बाबा. घरी जाऊन तो गोळ्या कोनाड्यात ठेवून देणार होता.

तेव्हा मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं, "मेरे बाबा को भी यही था. नौ दिन उपास रखते थे, गोली एक दिन नहीं छोड़ी. माताजी कभी नाराज नहीं हुईं." त्याच्या आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तीच त्याला म्हणाली, घे बाबा, घेत जा.

काल तो आला. नऊ दिवसांत एकही झटका नाही. गोळ्यांचं रिकामं पाकीट शाळेतल्या पोरासारखं दाखवलं, हातावर नारळाचा प्रसाद ठेवला. बसमध्ये खिडकीशी बसून तो प्रसाद खाताना मला फार बरं वाटत होतं. दवाखान्यातून निघताना तो म्हणाला होता, "तोर बाबूजी ला मोर परनाम कहि देबे, दीदी."

मी हो म्हटलं. खरं काय ते नाही सांगितलं, आणि सांगणारही नाही. त्याचा नमस्कार घ्या.