पायमोज्यातले पाच पीच

शुक्रवार, ४ एप्रिल

बापूसाहेब मामा पुन्हा टपकले. स्थळ आणलंय म्हणे! माझं चौदावं. आईनं लगेच दुप्पट साखर घालून चहा केला. चौदा स्थळांचे चौदा चहा – स्थळ जमो न जमो, मामांना मधुमेह नक्की होणार.

मुलगा करकंबचा. सिद्धराम. वय छत्तीस. "पीचची बाग आहे!" मामा म्हणाले. "सेंद्रिय! आणि रस्त्याला लागून स्वतःचं विक्री केंद्र!" आईनं विचारलं, पीच म्हणजे काय हो? मामांनी हातानं गोल करून दाखवलं. अण्णा म्हणाले, म्हणजे पेरू. मामा म्हणाले, पेरूच्या बऱ्याच वरचं.

बेचाळीस डिग्रीत पीच! इथं माणसं वाळायला लागलीत.

माझा आठ वर्षांपूर्वीचा फोटो मामांनी नेला. त्यात माझी वेणी कमरेपर्यंत आहे आणि चष्मा नाही. आता केस मानेपर्यंत, आणि चष्म्याशिवाय मला मामासुद्धा धूसर दिसतात. तसे दिसले तर बरंच वाटतं म्हणा!

शनिवार, ५ एप्रिल

आईला स्पष्ट सांगितलं – हे शेवटचं. विजयमाला तेहतीस वर्षांची झाली, आता पोह्यांचा ट्रे धरून हिंडणार नाही. पण एक अट. आधी मी त्याला बघणार, आणि तो बेसावध असताना. बघायला येताना सगळेच दाढी करून येतात. बारावं स्थळ 'बागायतदार' होतं. निघालं काय? गॅलरीत लिंबाच्या दोन कुंड्या!

आई म्हणाली, असं कुणी करतं का? मी म्हटलं, मी करते.

बुधवार, ९ एप्रिल

दुकानात सुकन्याला सगळं सांगितलं. ती काउंटरवर चष्म्यांच्या फ्रेमा लावते, मी आत डोळे तपासते, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी मिळून जगाचे डोळे तपासतो. तिला कल्पना भयंकर आवडली. "गिऱ्हाईक म्हणून जायचं की! पण मॅडम, एकट्या बिनलग्नाच्या दिसलात तर त्यांना डाऊट येईल. गळ्यात काहीतरी घाला."

संध्याकाळी मधल्या मारुतीच्या बाजारात जाऊन एक ग्रॅमवालं, नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं मंगळसूत्र घेतलं. दुकानदार म्हणाला, वर्षभर काळं पडणार नाही, गॅरंटी. म्हटलं, मला एक रविवार पुरे.

रविवार, १३ एप्रिल

अगं बाई गं! कुठून सुरुवात करू!

सुकन्या आणि मी सकाळच्या गाडीनं पंढरपूर, तिथून करकंब, पुढं सहा आसनी रिक्षात अकरा माणसं. उतरलो तर समोर बोर्ड – 'विषमुक्त पीच मिळतील'. खाली खडूनं – 'अजून नाहीत'. हेच ते विक्री केंद्र! पत्र्याचं छप्पर, एक टेबल, टेबलाच्या एका पायाखाली वीट. वर शेवग्याच्या शेंगा, लिंबं आणि बाटल्यांत काहीतरी पांढरट-तपकिरी. सुकन्याला तहान लागलेली, तिनं ताक समजून झाकण उघडून घोटच घेतला. तेवढ्यात मागून आवाज – "आगं आगं! त्ये झाडांचं हाय!" जीवामृत होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून झाडांना घालतात ते. सुकन्या अजून गुळण्या करतेय.

आवाज काशम्माचा. सिद्धरामची आई. माहेर अक्कलकोटकडचं, मधेच कानडीत घुसते; 'बा' म्हणजे ये. "बा, बा, उन्हातनं आलाय, बसा की." पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, पीच बघायचे होते. ती म्हणाली, बघा की, त्यात काय!

बाग म्हणजे मोजून अकरा झाडं. आणि त्यांना लटकलेले पायमोजे! शाळेतल्या पोरांचे असतात तसले पांढरे, एक खाकी, एकाची इलॅस्टिक गेलेली म्हणून वर सुतळी. मी आणि सुकन्या एकमेकींकडं बघेनाच, बघितलं असतं तर फुटलोच असतो. "पाखरं टोचत्यात, माशी लागती," काशम्मा म्हणाली. "म्हणून पोरानं मोजे घातल्यात." अकरा झाडांत फळं पाच. पाच फळांना पाच मोजे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

जरा वेळानं निघालो, तर काशम्मानं माझा गळा बघितला. "सवाष्ण बाई दारातनं मोकळी जाती व्हय? थांब."

मी म्हटलं, नको हो मावशी, गाडी चुकेल. ती ऐकते कुठली. आतनं हळद-कुंकू आणलं, तांदूळ आणले, खण आणला. मग थबकली – "नारळ न्हाय की घरात." इकडं तिकडं बघितलं. आणि गेली तरातरा बागेत, आणि एकेक मोजा उपसून पाचही पीच तोडून आणले! मी 'अहो अहो' म्हणेपर्यंत ते माझ्या ओढणीत. धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात तो आला. मोटर चालू करून येत होता – गुडघ्यापर्यंत चिखल, चार दिवसांची दाढी, बनियनला भोक. मला पाहिजे होता तसा, शंभर टक्के बेसावध! आधी त्यानं जमिनीवरचे मोजे बघितले. मग माझी ओढणी.

"आई. पीच?"

"वटीत घातलं की. सवाष्ण हाय."

चार वर्षांत पहिल्यांदा धरलेली फळं होती ती. तालुक्याच्या प्रदर्शनात ठेवणार होता पुढच्या आठवड्यात – हे सगळं काशम्मानंच नंतर आरामात सांगितलं. मी ओढणी पुढं केली, घ्या हो परत म्हटलं. तर काशम्मा केवढ्यानं ओरडली – "भरलेली वटी कोण परत देतं का गं!" तो पण म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वटी हाय ती. बिया तेवढ्या टाकू नका, जमलं तर धाडून द्या."

मग मोजे गोळा केले. झटकले. जोड्या लावल्या. पाचवा उरला तो खिशात टाकला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, छान आहे बाग. तो म्हणाला, "बाग कसली, अकरा झाडं हायत. गाव हसतंय. मी बी हसतो कधी कधी." आणि खरंच हसला. मग माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. मला वाटलं चष्म्याला काहीतरी लागलंय.

येताना गाडीत सुकन्या पीचकडं बघून खिदळत होती. मी नाही हसले. मला तो आवडला! लिहून टाकते, आवडला. चौदा जणांत पहिला, ज्यानं जे आहे त्यापेक्षा कमी सांगितलं. आणि मी त्याच्या घरून खोट्या गळ्यावर त्याची चार वर्षं घेऊन आले. लाज वाटते.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. घरीच. अण्णांना पीच सापडले. "हे काय, सफरचंदाला लव आलीय!" म्हणून काथ्यानं घासून घासून धुतलं एक, आणि चावलं. चेहरा असा झाला की आई धावत पाणी घेऊन आली. आंबट! चिंच परवडली. मी पण एक खाल्लं. डोळे मिटले, दात शिवशिवले, आणि मागून असा गोड वास आला की लगेच दुसरं खाल्लं. उरलेल्या दोनांची आईनं लसूण-मिरची घालून चटणी केली.

बिया पाचही धुऊन वाळत घातल्या. कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

गुरुवार, १७ एप्रिल

आईला हो म्हणून सांगितलं.

आईनं आधी कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का. मग देवापुढं साखर ठेवली. मग मामांना फोन. मग रडली. सगळं दहा मिनिटांत.

शनिवार, १९ एप्रिल

नकार आला.

कारण? "मुलीचं लग्न झालेलं आहे"!!

मामा दारातच उभे, चपला न काढता, अण्णांवर ओरडत. "धोंडिरामभाऊ, चाळीस वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती! लग्न झालेली मुलगी दाखवता? मुलानं स्वतः बघितलीय. फोटोवरनं ओळखली. गळ्यात मंगळसूत्र, आणि त्याच्या आईनं ओटी भरलीय तिची!" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आईनं बघितलं. खिडकीतनं शेजारच्या राजेश्वरी काकूंनीही बघितलं, त्यांचं तर कामच ते.

अण्णा अगदी हळू म्हणाले, "कोण आहे गं तो? आम्हाला सांगायचंस तरी. आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

लग्न झालंय याला प्रमाणपत्र असतं. झालेलं नाही याला काय आणू?

शेवटी कपाटातनं एक ग्रॅमवालं काढून टेबलावर आपटलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईनं कपाळ बडवलं. अण्णांचे आधी खांदे हलायला लागले, मग ते इतके हसले की ठसका लागला. मामांनी चपला काढल्या आणि चहा मागितला. पण पुन्हा करकंबला फोन करायला ठाम नकार. "काय सांगू? मुलगी नाटक करत होती? माझं नाव आहे या जिल्ह्यात!"

रविवार, २० एप्रिल

राजेश्वरी काकू अभिनंदन करायला आल्या. जावई काय करतात म्हणे.

बुधवार, २३ एप्रिल

एका आजोबांचा नंबर दोनदा चुकवला. सुकन्या म्हणाली, मॅडम, एवढं आवडलंय तर जा की सरळ. मी म्हटलं, काय तोंडानं? ती म्हणाली, आहे त्याच.

रविवार, २७ एप्रिल

गेले. एकटी. गळा मोकळा, पर्समध्ये कागदात गुंडाळलेल्या पाच बिया.

तो टेबलापाशीच होता. बोर्डावर आता 'पीच पुढच्या वर्षी'. मला बघून उठला. मी श्वास घेतला आणि गाडी सुटल्यासारखी बोलले – माझं लग्न झालेलं नाही, ते खोटं होतं, तुम्हाला बेसावध बघायचं होतं, फळं आंबट होती पण वास चांगला होता, ह्या बिया. आणि हो, मला पसंत आहे. तुमचं तुम्ही बघा.

हे शेवटचं कसं निघालं देव जाणे! ठरवलं नव्हतं.

मागं काशम्मा उभी होती. मला वाटलं आता झाडू येणार. तिनं हनुवटीला बोट लावलं. "मग ती वटी खोट्यावर भरली व्हय मी?" आणि जी हसायला लागली! पदर तोंडात कोंबून हसली. "आगं, मागायची की सरळ! पीच दिलं नसतं व्हय?" मग एकदम हसायची थांबली आणि त्याला म्हणाली, "सिद्धू, तू बी सांग की तिला."

"आई, तू चहा टाक," तो म्हणाला.

लाजतोय गडी! बिया एकेक करून मोजल्या त्यानं, ओल्या फडक्यात बांधल्या. मग फाट्यापर्यंत सोडायला आला. दोन किलोमीटर, आणि शब्द नाही. एकदा म्हणाला, "ऊन लई हाय." मी म्हटलं, हो. गाडी आली. मी चढले. खिडकीतनं बघितलं तर तो तिथंच उभा, हात अर्धा वर.

आज झोप येणार नाही बहुतेक. येऊ नये!

मंगळवार, २९ एप्रिल

दुपारी दुकानात त्याचा फोन. त्याचं लग्न झालं होतं. सहा वर्षांपूर्वी. आठ महिन्यांत मोडलं, कोर्टाचे कागद झालेत. मामांना माहीत होतं, त्यानंच सांगितलं होतं. मामांनी आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. "परवा फाट्यापर्यंत आलो ते ह्येच सांगायला," म्हणाला. "तुमी सगळं खरं बोलून गेलात, आणि माजं तोंड उघडंना. न्हाय म्हणायचं असलं तर म्हणा, मला राग न्हाय." समोर गिऱ्हाईक मशिनवर हनुवटी टेकवून बसलेलं. मी फोन ठेवला.

राग आलाय. त्याचाही, मामांचा तर फारच. आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती परत जाऊ देणार नाही, म्हणून रविवारची पंढरपूरची पहिली गाडी किती वाजता ते आधी विचारून घेतलं.